पत्र्यावर बसलेलं लोखंड

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत ओतकामाचे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत. तिथल्याच एका शेडमध्ये दुधाचे टँकर दुरुस्तीला येतात. मी गेलो तेव्हा एका टँकरच्या चकचकीत पाठीवर तपकिरी ठिपके उठले होते. मालक वैतागला होता, "एसएसचे पैसे मोजले, मग गंज कसा?"

मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. त्यांनी ठिपक्यांवरून नख फिरवलं. "पत्रा गंजत न्हाई. पत्र्यावर बसलेलं लोखंड गंजतंय."

टँकरचा पत्रा एसएसचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, ३०४ प्रतीचा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतं. ओरखडा पडला तरी हवा लागताच थर पुन्हा जमतो. साध्या लोखंडाच्या कणाला मात्र हे कवच नाही. शेजारच्या ग्राइंडरची ठिणगी उडून चिकटते, एमएसवर, म्हणजे साध्या पोलादावर, घासलेला तारेचा ब्रश इथे फिरतो, आणि पहिल्या पावसात ठिपके दिसतात. म्हणून मामांच्या शेडमध्ये एसएसची हत्यारं वेगळ्या पेटीत असतात. एमएसवर चाललेलं ग्राइंडरचं चाक त्या पेटीत सापडलं, तर पोराची धडगत नसते.

ही तक्रार महागड्या गाड्यांनाही चुकलेली नाही. १९८१ पासून उत्तर आयर्लंडमध्ये बनलेल्या डेलोरियनचा बिनरंगाचा पत्रा ३०४ चाच होता. तो साध्या स्टील वुलने घासला की डाग आलेच. २०२४ च्या सुरुवातीला टेस्लाच्या सायबरट्रकवर नारिंगी ठिपके दिसले, तेव्हाही वरून बसलेल्या लोहकणांकडे बोट दाखवलं गेलं.

ठिपक्यांवर मामांनी पिकलिंग पेस्ट लावली. तिच्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक आम्ल असतं. दुसरं कातडीतून आत उतरून हाडापर्यंत पोचू शकतं, म्हणून कोपरापर्यंत हातमोजे आणि तोंडावर शील्ड. ताज्या वेल्डिंगच्या कडेची निळी-तपकिरी झाकही तिनेच काढली. त्या झाकेखालच्या पत्र्यात क्रोमियम कमी झालेलं असतं. तो पातळ थर गेल्याशिवाय जोड टिकाऊ होत नाही. भरपूर पाण्याने धुतल्यावर तपासणी मोरचुदाची. त्याचं आम्ल घातलेलं पाणी फिरवलं की उरलेल्या लोखंडावर तांबं चढतं आणि जागा तांबूस होते. दुधाला लागणाऱ्या आतल्या पत्र्यावर मात्र ही चाचणी करत नाहीत.

मडगार्डच्या पट्टीखालचा डाग पेस्टने हलेना. तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. टँकर कोकणात जातो. खारी हवा पट्टीच्या फटीत साचते. वर ड्रायव्हर चकाकीसाठी बाथरूम धुण्याचं ॲसिड वापरायचा. दोन्हींतलं क्लोराइड तो संरक्षक थर फोडतं. खड्ड्याच्या तळाशी हवा पोचत नाही, थर पुन्हा धरत नाही, आणि खड्डा आत उतरत जातो.

"बफ मारा की," मालक म्हणाला.

"वरून चमकंल, आतनं खाईल," म्हणत मामांनी तेवढा तुकडा कापायला खडूने रेघ मारली. मग ड्रायव्हरकडे वळले. "साबणाचं पाणी चालंल, ॲसिड न्हाई. आणि कोकणातनं वर आलास की पैलं गोड्या पाण्यानं धू. फटीतबी पाणी मार."