पिचरचा जोर हातात नाही, पायात! बेसबॉल खेळणाऱ्या पोरांचं कोपर असं सांभाळा

शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बेसबॉल आहे, त्यामुळे खेड्यापाड्यातली पोरं-पोरीही आता पिचर म्हणून उभी राहतात. बरीचशी क्रिकेटमधून आलेली. 'याचा हात चांगलाय, लांब फेकतो' एवढ्यावर पिचर ठरतो आणि मग तो नुसत्या हातानंच फेकत राहतो. वेग काही वाढत नाही, कोपर मात्र दुखायला लागतं.

क्रिकेटच्या गोलंदाजाला रनअप मिळतो, आणि चेंडू टाकताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर ॲक्शन बेकायदा ठरते. पिचरचं उलटं आहे. कोपर वाकवूनच फेकायचं, पण पळत यायचं नाही. एक पाय पट्टीला लावून एकाच पावलात सगळा जोर काढायचा आणि 18.44 मीटरवर म्हणजे साडेसाठ फुटांवर असलेल्या होम प्लेटवरून चेंडू न्यायचा. हा जोर येतो कुठून? ज्वारीची पाखरं राखताना गोफण मारणारा माणूस आठवा. आधी पाय रोवतो, मग कंबर फिरते, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. पिचिंग हेच आहे.

उजव्या हाताचा पिचर धरू. उजवा पाय पट्टीला, डावा गुडघा वर, अंग मागे झुकवायचं नाही. मग कंबर कॅचरकडे सरकवत डावं पाऊल लांब टाकायचं. तयार पिचरचं पाऊल त्याच्या उंचीच्या साधारण 80 ते 100 टक्के पडतं, म्हणजे पाच फुटी पोराचं चार फुटांच्या पुढे. सुरुवातीला कमी पडेल, ओढूनताणून वाढवू नये.

डावा पाय जमिनीला टेकतो तो क्षण सगळ्यात महत्त्वाचा. त्या वेळी पायाची बोटं कॅचरकडे, गुडघा थोडा वाकलेला, फेकणाऱ्या हाताचं कोपर खांद्याच्या रेषेत आणि चेंडू वर आलेला हवा. छाती मात्र अजून बाजूलाच. छाती आधीच समोर वळली तर कमरेचा जोर वाया जातो, हात मागे राहतो आणि सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूला येतो. नव्या पोरांची सर्वात जास्त दिसणारी चूक हीच. ग्लोव्हचा हात मागे भिरकावला की छाती लवकर उघडते, म्हणून तो छातीजवळ धरायचा.

चेंडू सुटल्यावर हात झटक्यात थांबवू नये. पळत्या बैलांचा कासरा एकदम ओढावा तसा खांद्यावर ताण पडतो. हात डाव्या गुडघ्याच्या बाहेर जाऊ द्या, पाठ वाकू द्या, मागचा पाय आपोआप पुढे येईल.

हे तपासायला कोच नसला तरी मोबाईल आहे. एकदा बाजूने, एकदा कॅचरच्या मागून सुरक्षित जागेवरून स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि पाय टेकतो तिथे थांबवून बघा. कोपर आणि छाती कुठे आहे ते लगेच दिसतं. चेंडू नसेल तर हातात छोटा टॉवेल धरून तीच हालचाल करायची, समोर जोडीदाराने धरलेल्या ग्लोव्हवर टॉवेल आपटायचा.

उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग (आयपीएलवाला नव्हे) आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू. 2008 च्या 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धेआधी दोघांनीही बेसबॉल खेळला नव्हता. अमेरिकेत टॉम हाऊस या कोचने त्यांना घडवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांनाही करारबद्ध केलं. भाल्यातही जोर पायातूनच येतो.

पण ॲक्शन कितीही चांगली असली तरी मोजमाप हवंच. 1974 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपराची लिगामेंट गेली. डॉ. फ्रँक जोब यांनी दुसऱ्या हातातला टेंडन काढून तिथे बसवला. तो 1976 मध्ये परतला आणि 1989 पर्यंत खेळला. ऑपरेशनला आज त्याचंच नाव आहे. पण मैदानावर परतायला वर्षभर किंवा जास्तच लागतं, आणि शेतकऱ्याच्या घरात एवढा खर्च कुणाला परवडतो?

अमेरिकेतल्या 'पिच स्मार्ट' नियमांनुसार 13 ते 16 वयाच्या पिचरने दिवसात 95 च्या वर चेंडू टाकू नयेत. 13-14 वर्षांच्या पोराने 21 ते 35 चेंडू टाकले तर एक दिवस विश्रांती, 66 किंवा जास्त टाकले तर चार दिवस. वर्षातून किमान चार महिने पिचिंग बंद. एक-दोन दिवसांत उरकणाऱ्या स्पर्धेत एकाच पोराकडून सगळ्या मॅच काढून घेतल्या तर हे कुठेच बसत नाही. संघात दोन-तीन पिचर तयार ठेवावेतच. एका राखीव खेळाडूला वही-पेन देऊन चेंडू मोजायला बसवा.

आकडा पुरा व्हायच्या आधीही अंग सांगतं. चेंडू सारखे उंच जायला लागले, कोपर खांद्याखाली येऊ लागलं, की पोरगा थकलाय. मग 40 च झाले असले तरी पिचर बदला. कोपराच्या आत दुखत असेल तर बाम चोळून किंवा गोळी देऊन उतरवू नका. वाढत्या वयात तिथलं हाड अजून पक्कं नसतं, थेट हाडांच्या डॉक्टरला दाखवा.