अंगणातील कृष्णतुळस

वृंदावनात लाविलेली गर्द जांभळी तुळस दोन वर्षांत हिरवी झाली, अशी तक्रार पुष्कळदा कानी येते. वस्तुतः मूळ झाड मंजिऱ्या पिकून वाळलेले असते व बुडाशी पडलेल्या बीजातून नवे रोप आलेले असते. शेजारी हिरवी तुळस असल्यास मधमाश्यांमुळे पराग मिसळतो आणि रोपे संमिश्र निघतात. सावलीतही पानांचा रंग फिकटतो. म्हणून जागा भरपूर उन्हाची निवडावी.

रंग टिकविण्यासाठी रोपे छाटकलमांनी करावीत. पावसाळ्याच्या आरंभी, मंजिरी न आलेल्या फांद्यांचे १० ते १२ सेंटिमीटर लांबीचे शेंडे कापावेत आणि खालची पाने काढून ओलसर वाळूमिश्रित मातीत, सावलीला लावावेत. दोन-तीन आठवड्यांत मुळ्या फुटतात.

मंजिरी दिसताच खालच्या दोन पानांसह खुडावी. म्हणजे बगलेतून फुटवे येऊन झाड ठेंगणे व घेरदार राहते. पूजेस मंजिरी लागतेच, तेव्हा खुडण्याचे काम कोणास सांगावे लागत नाही. ती पिकण्यापूर्वी खुडावी, एवढेच समजावून द्यावे. एक-दोन मंजिऱ्या मधमाश्यांसाठी फुलू द्याव्यात, परंतु बी धरू देऊ नये.

पुष्कळ झाडे पाण्याअभावी नव्हे, अतिपाण्याने मरतात. वृंदावनाच्या तळाशी निचऱ्याचे छिद्र नसेल, तर रोजच्या तांब्याभर पाण्यानेही मुळ्या कुजतात. पाने कुरळी होऊन किडीने ग्रासल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. ही पाने घरात कच्ची खाल्ली जातात. शेतातील विषारी औषध या झाडावर कदापि मारू नये.