'साउंड' : एक शब्दरूप, चार कुळे

इंग्रजीतील 'साउंड' हा शब्द शालेय विद्यार्थ्यालाही परिचित असतो. ध्वनी, निरोगी, सामुद्रधुनी आणि पाण्याची खोली मोजणे हे त्याचे चार प्रमुख अर्थ होत. एकाच शब्दाचा हा अर्थविस्तार असावा, असा प्रथमदर्शनी समज होतो. व्युत्पत्तीच्या अंगाने पाहता मात्र येथे भिन्न कुळांतील शब्द समान उच्चारात एकत्र आलेले दिसतात. हे उदाहरण अनेकार्थतेचे नसून समरूपतेचे आहे. हा भेद कोशकाराइतकाच भाषांतरकारालाही महत्त्वाचा आहे.

ध्वनिवाचक 'साउंड' लॅटिनमधील 'सोनुस'पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. संस्कृतातील 'स्वन' हा 'सोनुस'चा सगोत्र शब्द होय. मराठी भाषाविज्ञानातील 'स्वनिम' ही संज्ञा त्यावरूनच घडली आहे. चौदाव्या शतकात चॉसरच्या इंग्रजीत या शब्दाचे रूप 'सून' असे होते. अंती येणारा 'ड' मुळातला नाही. तो उच्चारसौकर्यामुळे नंतर जोडला गेला.

'निरोगी' या अर्थाचा शब्द जर्मानिक कुळातला आहे. प्राचीन इंग्रजीतील 'गेसुंड'मधील आद्य उपसर्ग लोपला. जर्मनमध्ये तो आजही टिकून आहे. या शब्दाचा पुढे खराखुरा अर्थविस्तार झाला. निरोगी शरीरावरून न किडलेले लाकूड, त्यावरून भरवशाचा सल्ला, निर्दोष युक्तिवाद आणि गाढ झोप असे अर्थ क्रमाने उमलले. अनेकार्थता म्हणायची ती याला.

तिसरा शब्द 'सुंड', म्हणजे पोहणे. पोहून जाता येईल असे अरुंद पाणी, या कल्पनेतून सामुद्रधुनीचा अर्थ आला. डेन्मार्क व स्वीडन यांमधील 'ओरेसुंड' आणि जॉर्ज व्हँकुव्हरने १७९२ मध्ये नाव दिलेले अमेरिकेतील 'प्युजेट साउंड' ही त्याची भौगोलिक उदाहरणे. खोली मोजण्याचा चौथा अर्थ फ्रेंच 'सोंदे' या क्रियापदातून आला. त्याच्या मुळाविषयी दोन मते आहेत. एक मत ते लॅटिनमध्ये शोधते. दुसरे ते जर्मानिक 'सुंड'शीच जोडते. दुसरे मत ग्राह्य धरल्यास तिसरे व चौथे कुळ मुळाशी एकच ठरते.

अशी सरमिसळ मराठीलाही नवी नाही. 'बसणे'चे आज्ञार्थी रूप 'बस' संस्कृत 'उपविश्'पासून आले, 'पुरे' या अर्थाचे 'बस' फारसीतून, तर वाहनवाचक 'बस' इंग्रजीतून. अर्थ बदलला की शब्दही बदलतो, हे मत मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त श्लेषाच्या संदर्भात विचारात घेतले आहे. त्या दृष्टीने अनेकार्थी शब्दही भिन्नच मानावा लागेल. आधुनिक व्युत्पत्तिशास्त्र शब्दांचे ऐक्य वा भिन्नत्व इतिहासावरून ठरवते; काव्यशास्त्राचे लक्ष वाचकाला होणाऱ्या अर्थबोधावर असते.

या दोन दृष्टींमधील अंतर शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये स्पष्ट होते. तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात गिल्डनस्टर्न राजाला सांगतो, की हॅम्लेट आपल्या मनाचा ठाव लागू देत नाही. तेथे 'साउंड' हे क्रियापद खोली मोजण्याच्या अर्थाने लाक्षणिकरीत्या योजले आहे. दुसऱ्या प्रवेशात हॅम्लेट त्याच गिल्डनस्टर्नच्या हाती पावा देऊ करतो आणि तेच क्रियापद त्याच्यावर उलटवतो. ज्याला साधा पावा वाजवता येत नाही तो आपल्याला वाजवू पाहतो, असा त्याचा रोख आहे. मनाचा ठाव घेणे आणि वाद्यातून सूर काढणे हे दोन्ही अर्थ तेथे एकाच वेळी जागे होतात.

आगरकरांच्या 'विकारविलसित'पासून मराठीत 'हॅम्लेट'ची भाषांतरे होत आली आहेत. मराठी भाषांतरकाराजवळ 'ठाव घेणे' हा नेमका वाक्प्रचार आहे. पाण्याचा आणि मनाचा असे दोन्ही ठाव त्यात सामावतात. सुराचा अर्थ मात्र त्यात येत नाही. 'सूर काढणे' म्हटले, तर पाण्याची खोली सुटते. मूळ शब्दातील योग इंग्रजीच्या ध्वनिपरिवर्तनातून, म्हणजे एका भाषेपुरत्या योगायोगातून, घडलेला आहे. म्हणून तो शब्दाला शब्द देऊन दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. भाषांतरकाराला पावा आणि पाणी यांना जोडणारी नवी प्रतिमा घडवावी लागते. लोप पावलेला श्लेष प्रतिमेत कितपत भरून निघाला, ही तुलनात्मक अभ्यासाची एक कसोटी ठरू शकते.