जायफळाची कॉफी आणि आईची झोप

मराठी घरात चहा हा घरचा माणूस, कॉफी ही पाहुणी. कोणी आजारातून उठले, रात्री गाण्याची बैठक जमली किंवा व्याही दारात उभे राहिले, म्हणजे तिची आठवण व्हायची. दूध भरपूर, साखर सढळ हाताची आणि वर किसलेले जायफळ! आमच्या आईने मात्र या पाहुणीला घरातच ठेवून घेतले. वडील गेले आणि आईची झोप गेली. जायफळाने झोप येते असे कोणीतरी तिला सांगितले. तेव्हापासून रात्री नऊला जायफळ घातलेली कॉफी आणि दोन वाजता देवघरात जपमाळ, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. दोहोंचा काही संबंध असेल, ही शंका आम्हां कोणालाच आली नाही. दुःखाने झोप येत नाही, हे आम्ही धरूनच चाललो होतो. अखेर एका डॉक्टरांनी सहज विचारले, "रात्री निजताना काय घेता?" तेव्हा कुठे मी कॉफीविषयी वाचू लागलो.

वाचता वाचता दिसले की, हिच्याभोवती दंतकथांचे रान माजले आहे. सर्वांत लोकप्रिय कथा शेळ्यांची. इथिओपियातल्या कालदी नावाच्या गुराख्याच्या शेळ्या कसली तरी लाल फळे खाऊन नाचू लागल्या आणि कॉफीचा शोध लागला, अशी ती आहे. कथा झकास आहे. पण ती लेखी सापडते १६७१ साली रोममध्ये छापलेल्या एका लॅटिन पुस्तकात! तोवर येमेनमधले सूफी रात्रीच्या उपासनेत जागे राहण्यासाठी कॉफी पिऊ लागल्याला दोनशे वर्षे होऊन गेली होती. 'कालदी' हे बारसे तर त्याच्याही पुढचे.

आपल्याकडची कथा बाबा बुडन यांची. मक्केच्या यात्रेहून परतताना त्यांनी मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे परंपरा सांगते. त्या डोंगराला आज त्यांचेच नाव आहे, आणि तिथल्या स्थानाला बाबांचे भक्त आणि दत्तभक्त दोघेही मानतात. ही गोष्ट सतराव्या शतकातली समजतात. पण १६१६ साली हिंदुस्थानात आलेल्या आणि सर टॉमस रो या वकिलाच्या पदरी राहिलेल्या एडवर्ड टेरी या पाद्र्याने इथे लोक कॉफी पीत असल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे बाबांनी आणले ते झाड. पेय व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आधीच येऊन पोहोचले असावे. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना 'बुंद' म्हणत. तो शब्दही अरबी 'बुन्न'वरूनच आलेला. (माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितले की ते वहीत उतरवून घेत नाहीत, परीक्षेत येत नाही ना!)

हे बी म्हणजे कडधान्य नव्हे, बरे का. बोरासारख्या लाल फळात पोट चपटे असलेल्या दोन बिया समोरासमोर बसलेल्या असतात. कधी एकच बी धरते व ती वाटाण्यासारखी गोल होते. तिला 'पीबेरी' म्हणतात.

आता झोपेकडे वळू. कॉफीतले जागरण कशात आहे, हे शोधायला लावले ते एका कवीने! १८१९ साली रुंगे नावाचा तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञ एक मांजर काखोटीला मारून गटेच्या भेटीला गेला. वनस्पतीचा अर्क डोळ्यात घातला की बाहुली कशी मोठी होते, ते त्याला दाखवायचे होते. खूश होऊन गटेने त्याच्या हाती कॉफीच्या बिया ठेवल्या व यांचेही पृथक्करण करून पाहा, असे सुचवले. त्यातून रुंगेला कॅफीन सापडले.

कॉफी जितकी काळी तितकी कडक, हा समज फार रूढ आहे. भाजणी वाढवली की कडवटपणा वाढतो, कॅफीन वाढत नाही. दाट रंग पुष्कळदा चिकरीचा असतो. चिकरी हे एक भाजलेले मूळ. त्यात कॅफीन नावालाही नाही. तेव्हा माटुंग्याच्या उपाहारगृहातली काळीकुट्ट कॉफी पाहून घाबरू नये. बी कोणते ते विचारावे. रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असते. चहाची कोरडी पत्ती तर वजनाला वजन लावले असता कॉफीलाही मागे टाकते. पण कपात पत्ती थोडी पडते, म्हणून चहाच्या कपात ते साधारण निम्मेच उतरते. दारू चढलेल्याला काळी कॉफी पाजून शुद्धीवर आणणे हाही भ्रमच. तो जागा होतो, पण झिंगलेलाच राहतो!

आईच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते एका साध्या हिशेबात. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर जायला निरोगी माणसाला सुमारे पाच तास लागतात. कोणाला कमी, कोणाला जास्त. नऊ अधिक पाच म्हणजे रात्रीचे दोन! जपमाळेच्या वेळी निम्मी कॉफी अंगात जागीच होती. चिमूटभर जायफळाने तिचे काय व्हायचे? ते स्वादापुरते.

हे मी आईला समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले व म्हणाली, "अरे, मग इतकी वर्षं तू काय करत होतास?" मला उत्तर सुचले नाही.

आता तिची कॉफी दुपारी तीनला होते. रात्री नऊला ती नुसत्या गरम दुधात जायफळ घालून घेते आणि पहाटेपर्यंत गाढ झोपते. शेजारच्या काकू परवा आल्या, तेव्हा आई त्यांना सांगत होती, "बघा, जायफळाचा गुण आला शेवटी!"