दोघींचा दिवस

शिन्चूमध्ये हिवाळी वारा सुटला की उतारावरसुद्धा सायकलला पायडल मारावं लागतं. तैवानच्या वायव्य किनाऱ्यावरचं हे शहर जगाला ठाऊक आहे ते मायक्रोचिपच्या कारखान्यांमुळे. इथली माणसं मात्र त्याला वाऱ्याचं शहर म्हणतात आणि ह्याच वाऱ्यावर तांदळाच्या शेवया वाळवतात. असल्या वाऱ्यात हेल्मेट घालून, स्कर्टचा घेर सांभाळत दोन मुली एकीमागे एक सायकलवरून जाताना दिसल्या, तर त्या कोण हे गल्लीत कुणाला विचारावं लागत नाही. दोघींच्या छातीवर काळी पट्टी असते आणि तिच्यावर चिनी लिपीत आडनाव व चर्चचं नाव. ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे ते चर्च. लोक त्यांना मॉर्मन म्हणत आले आहेत. 2018 पासून चर्चचाच आग्रह आहे की हे टोपणनाव वापरू नये. तैवानात ह्या चर्चचे पहिले चार मिशनरी 1956 साली उतरले. तेव्हापासून विशीच्या आसपासची मुलं-मुली येतात, राहतात, परत जातात.

मी इथल्या विद्यापीठात संशोधनासाठी आले आणि माझ्या मोडक्या चिनीला कुणी तरी सोबती हवा होता. ह्या मुली बुधवारी संध्याकाळी चर्चच्या खोलीत इंग्रजीचे फुकट वर्ग घेत. मी तिथे मदतीला जाऊ लागले. मोबदल्यात चिनी बोलायचा सराव मिळे. मग त्यांनी वरिष्ठांना विचारून मला अधूनमधून फेरीला बरोबर नेलं. मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यांनी त्यानंतर एकदाच विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर विषय सोडला तो सोडलाच.

एक अमेरिकेतल्या आयडाहोची, बटाट्याच्या शेतावर वाढलेली. दुसरी टोंगाची. जायचं कुठे, हे त्यांना निवडता येत नाही. अर्ज करायचा, वैद्यकीय तपासण्या करायच्या आणि सॉल्ट लेक सिटीहून जे गाव येईल ते घ्यायचं. आयडाहोची शाळेत स्पॅनिश शिकलेली. तिला वाटलं होतं पेरू नाही तर चिली. आलं तैवान. युटामधल्या प्रोवो गावी प्रशिक्षण केंद्रात नऊ आठवडे चिनी घोटून तिला विमानात बसवलं. पगार नाही, खर्चाला तिची स्वतःची बचत आणि घरचे पैसे. मुलांची मुदत चोवीस महिन्यांची, मुलींची अठरा. 2012 साली वयाची अट मुलांसाठी 19 वरून 18 आणि मुलींसाठी 21 वरून 19 झाली, आणि घर कधी न सोडलेल्या मुली मोठ्या संख्येने अशा अनोळखी गावांत उतरू लागल्या.

दिवस साडेसहाला सुरू होतो. व्यायाम, अंघोळ, न्याहारी, मग आपापला धर्मग्रंथाचा अभ्यास, मग दोघींचा मिळून अभ्यास, मग भाषा. दुपारपासून रात्री नऊपर्यंत बाहेर. परतल्यावर उद्याचं नियोजन आणि साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, मालिका नाही, कादंबरी नाही. फोन असतो, पण कामापुरता. हे सगळं ऐकताना मला तुरुंग वाटला होता. जवळून पाहिल्यावर कळलं की ह्या वेळापत्रकावाचून एकोणीस वर्षांची मुलगी इथे महिनाभरही टिकली नसती. दिवसभरात इतकी माणसं ‘नको’ म्हणतात की पुढच्या तासाला काय करायचं हे आधीच ठरलेलं असणं, हाच तिचा आधार असतो.

नकार कसे येतात तेही पाहण्यासारखं आहे. तैवानी माणूस सहसा दार आपटत नाही. तो हसतो, हात हलवतो, ‘मला वेळ नाही’ म्हणतो आणि वर ‘उन्हात काळजी घ्या’ असंही म्हणतो. मुलींनी हेरून ठेवलेली जागा म्हणजे लाल दिवा. इथे सिग्नलवर उलटे आकडे चालतात. स्कूटरवाल्यांच्या रांगेशेजारी सायकल उभी करायची आणि नव्वद सेकंद मिळाले की त्यात नमस्कार, आपण कोण, इंग्रजीचा वर्ग कधी, हे सगळं बसवायचं. टोंगाची पहिल्या आठवड्यांत हे वाक्य न वाक्य पाठ म्हणायची आणि समोरच्याने काही विचारलं की गोठून जायची. स्कूटरवाला निघून गेला तरी तिच्या ओठांवर उरलेलं वाक्य असे. आयडाहोच्या मुलीला येऊन वर्ष झालेलं. ती आधी माणसाच्या स्कूटरवरच्या भाजीकडे, पोराच्या दप्तराकडे बघून बोलायची, आणि बरेचदा धर्माचा विषय न काढताच दिवा हिरवा होऊ द्यायची.

ह्या कामात बोलणं लवकर येतं. ऐकायला वर्ष लागतं. त्या दोघींबरोबर हिंडून माझी तरी ही खात्री झाली.

नियमांतला सगळ्यात कडक नियम जोडीचा. जोडीदार चर्चने ठरवून दिलेली असते आणि दोघींनी कायम एकमेकींच्या नजरेच्या आणि कानाच्या टप्प्यात राहायचं असतं. दुकानात, रस्त्यात, घरात, चोवीस तास. न्हाणीघर तेवढं सुटलेलं. सहा-सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते. कधी जोडी तीच राहते, कधी फुटते. ज्या माणसाला आपण निवडलं नाही, त्याचं घोरणं, त्याचा आळस, त्याचं गुणगुणणं सोसत राहणं ही मला उपदेशापेक्षा अवघड गोष्ट वाटते. चर्चलाही ते ठाऊक असावं, कारण आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून एकमेकींचं काय खुपतं ते सांगायचं, हे नियोजनातच घातलेलं आहे. टोंगाची सावकाश. ती जिन्यात भेटलेल्या म्हातारीशी पंधरा मिनिटं थांबणार. आयडाहोची घड्याळाची. हे त्यांचं भांडण. त्या बैठकीत काय ठरलं ते मला ठाऊक नाही, पण नंतर भेटींच्या मधली वेळ वाढली आणि आयडाहोची सायकलला कुलूप लावून जिन्यात टेकून थांबायला लागली.

चहाचं सांगायला हवं. त्यांच्या धर्मात चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. आणि तैवान तर चहाचा देश, ‘आलिशान’ नावाच्या डोंगरावरच्या ऊलाँग चहाचा. घरात आलेल्याला पहिल्यांदा छोट्या पेल्यात चहा मिळतो. तो नाकारणं म्हणजे काय हे मराठी घरातून आलेल्या मला सांगावं लागत नाही. ह्या मुली दोन्ही हातांनी पेला घेतात, वास घेतात, कुठल्या डोंगरावरचा ते विचारतात आणि मग आपण पीत नाही हे सांगून साधं गरम पाणी मागतात. यजमान पाणी आणतो. इथे गरम पाणी पिण्यात काही विचित्र नाही, आणि त्यामुळे प्रसंग निभतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आजी राहतात. सगळे त्यांना आमा म्हणतात. तैवानी बोलीत आजीला तसंच म्हणतात. मुलींना शिकवलेली चिनी प्रमाणभाषा, आणि आमा रंगात आल्या की तैवानी बोलीत शिरतात. तरी आमा त्यांना आत घेतात, कारण आमांचा मुलगा कारखान्यात रात्रपाळीला आणि नातू तैपेईत. भिंतीला लागून पूर्वजांचं देव्हाऱ्यासारखं टेबल आहे. नावांची पाटी, फळं, सकाळ-संध्याकाळ उदबत्ती. तैवानात बऱ्याच ख्रिस्ती मिशनऱ्यांचं काम ह्या टेबलाशी येऊन थांबतं. आमांनी सरळ विचारलं, “पोरी, मी तुमच्यात आले तर म्हाताऱ्याला उदबत्ती कोण लावणार?”

टोंगाच्या मुलीने पाठ केलेलं उत्तर काढलं. त्यांच्या पंथात पूर्वजांना मोठं स्थान आहे. मेलेल्यांच्या नावाने मंदिरात बाप्तिस्मा घेतात, त्यासाठी वंशावळी शोधतात, आणि 1984 पासून तैपेईत असं मंदिर आहे. हे सगळं खरं, आणि आमांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नव्हतं. आयडाहोच्या मुलीने हलकेच तिच्या हाताला हात लावला आणि आमांना विचारलं, “आजोबा कुठले?” मग तासभर आमाच बोलत होत्या. जपानी अमदानीत सासरे साखर कारखान्यात होते, सासूला दुसऱ्या घरी दत्तक दिलं होतं, तिचं मूळ आडनाव कुणाला ठाऊक नाही. आयडाहोच्या मुलीने सुचवलं की जपानी काळातल्या कुटुंबनोंदी सरकारी कचेरीत जपलेल्या आहेत आणि वारसांना नक्कल मिळते. आमांच्या मुलाने रजा काढून ती आणली. सासूचं माहेरचं आडनाव सापडलं. आमा त्या पंथात आल्या नाहीत. सासूचं नाव मात्र त्यांनी टेबलावर वेगळ्या कागदावर लिहून ठेवलं आहे.

दुसऱ्याच्या दारात जाऊन ‘तुमचा धर्म बदला’ म्हणणं मला पटत नाही. आमच्याकडे ह्या विषयाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन तरुण 1813 साली मुंबईत उतरले. त्यांच्या मिशनने पुढे शाळा काढल्या, 1842 साली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केलं, आणि समाजात वादही मोठे झाले. पण त्या मिशनमधल्या अनेकांनी मराठीत आयुष्य घातलं. हॉल 1826 साली आमच्याकडेच कॉलऱ्याने गेला. तैवानातही तेच दिसतं. कॅनडाचा जॉर्ज लेस्ली मॅके 1872 च्या मार्चमध्ये तामसुईला आला तेव्हा सत्ताविशीत होता. तो गुराखी पोरांबरोबर बसून बोली शिकला, तैवानी मुलीशी लग्न केलं आणि 1901 साली तामसुईलाच वारला. गावच्या चौकात भजन म्हणायचं, दुखणारे दात उपटायचे, मग बोलायचं, ही त्याची रीत. त्याच्याच हिशेबाने एकवीस हजारांहून अधिक दात त्याने काढले. लोकांचं काय दुखतंय ते आधी बघणं त्याला जमलं, कारण तो परत जाणार नव्हता.

ह्या मुली परत जातात. माझी खरी तक्रार ही आहे. कान तयार होतात तेव्हा मुदत संपत आलेली असते.

सोमवार तयारीचा दिवस. कपडे धुणं, बाजार, झाडलोट, आणि घरी व्हिडिओ कॉल. 2019 पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला चालतो. इथे सोमवारची सकाळ असते तेव्हा आयडाहोमध्ये रविवारची संध्याकाळ, घरचे सगळे जेवणाच्या टेबलाशी. आयडाहोची सांगत होती की सुरुवातीला फोन ठेवल्यावर दिवसभर रडू यायचं. जुनी पद्धतच बरी होती की काय, असं तिला वाटे. टोंगाच्या मुलीचं मत उलट. तिच्या आजीने फोनवर नुसतं नाव घेतलं तरी तिचा आठवडा निघतो.

अठरा महिने भरले आणि आयडाहोची गेली. नियम असा की घरी पोचून तिथल्या चर्चप्रमुखाने मोकळं करेपर्यंत छातीवरची पट्टी काढायची नाही. अनेकांना इथे शिकलेली चिनी पुढे उपयोगी पडते. 2009 ते 2011 चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत असलेले जॉन हंट्समन तरुणपणी तैवानात असेच मिशनरी होते. तिला मात्र नर्स व्हायचं आहे.

टोंगाच्या मुलीला आता फिलिपिन्सहून आलेली नवी जोडीदार दिली आहे आणि तिला तयार करायची जबाबदारी हिच्यावर. परवा लाल दिव्याला मी त्यांच्या मागेच होते. नवी मुलगी पाठ केलेली वाक्यं धडाधड म्हणत होती. टोंगाची तिला थांबवत नव्हती. तिने स्कूटरवाल्या बाईला तिच्या पिशवीतल्या सुकवलेल्या पर्सिमनबद्दल विचारलं. बाई शिन्पू गावची निघाली, घरी पर्सिमन वाळवण्याचाच धंदा. हंगामात हाताखाली माणसं कमी पडतात, म्हणाली. दिवा हिरवा झाला. शनिवारी दोघी सालं काढायला तिच्याकडे जाणार आहेत.