पाचाचे दहा का झाले?

बालमित्रांनो, समजा, तुम्ही आजीबरोबर बसने बाजाराला निघाला आहात. आजीने सवयीने पाचाचं नाणं पुढे केलं. कंडक्टरकाका म्हणाले, "आजी, आणखी पाच द्या. आजपासून तिकीट दहा रुपये!" आजी म्हणाल्या, "अरे, रस्ता तर तेवढाच आहे ना?"

९ मे २०२५ रोजी मुंबईत बेस्टच्या कितीतरी बसगाड्यांत असा संवाद झाला असेल. आजींचा प्रश्न अगदी बरोबर आहे. रस्ता तेवढाच, मग पैसे दुप्पट का? चला, वही-पेन्सिल घ्या. हे कोडं आपण गणितानं सोडवू या.

आधी स्वस्त झालं होतं!

९ जुलै २०१९ रोजी बेस्टने भाडं चक्क कमी केलं होतं. साध्या बसचं किमान भाडं ८ रुपयांवरून ५ झालं आणि वातानुकूलित बसचं २० वरून ६. लोक बस सोडून रिक्षा, टॅक्सीकडे वळले होते. त्यांना परत आणायचं होतं. प्रवासी आलेही.

पण आता हिशोब करा. आठ रुपयांप्रमाणे १०० प्रवाशांचे ८०० रुपये होतात. पाच रुपयांप्रमाणे तेवढेच ८०० मिळवायला १६० प्रवासी लागतात. डिझेल, वीज, पगार, दुरुस्ती हे खर्च काही कमी होत नाहीत. म्हणजे जमा कमी, खर्च जास्त. यालाच म्हणतात तूट.

दुप्पट, पण सगळ्यांना नाही

बसचं भाडं टप्प्याटप्प्याने ठरतं. साध्या बसमध्ये काय झालं पाहा:

५ किलोमीटरपर्यंत: ५ चे १० रुपये
१० किलोमीटरपर्यंत: १० चे १५ रुपये
१५ किलोमीटरपर्यंत: १५ चे २० रुपये

तिन्ही ठिकाणी वाढ पाचच रुपयांची! मग सारखीच झाली म्हणायची? छे! शेकडेवारी काढा. पहिल्या टप्प्याला वाढ शंभर टक्के, दुसऱ्याला पन्नास, तिसऱ्याला सुमारे तेहेतीस. म्हणजे जो सर्वांत जवळ जातो, त्याला सर्वांत जास्त झळ.

आणि जवळ कोण जातं? स्टेशनपासून घरापर्यंत जाणारे, दवाखान्यात जाणारे आजी-आजोबा, चार घरी धुणी-भांडी करणाऱ्या मावशी. महिन्याला २६ दिवस, रोज दोन फेऱ्या धरा. मावशींचे पूर्वी २६० रुपये जायचे, आता ५२० जातात. काहींना हे २६० रुपये फारसे जाणवणार नाहीत. मावशी मात्र कदाचित पायीच निघतील.

उरलेले पैसे कोण देतं?

तिकिटाच्या पैशांत बसचा सगळा खर्च निघत नाही. बेस्ट मुंबईत वीजही पुरवते. अनेक वर्षं विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघत असे. पुढे मुंबई महानगरपालिकेला बेस्टला पैसे द्यावे लागले. हे पैसे कररूपाने शहरातल्या लोकांकडूनच येतात. म्हणजे जे बसमध्ये पाऊलही ठेवत नाहीत, तेसुद्धा बसला हातभार लावतात.

हे अन्यायाचं वाटतं का? जरा थांबा. बसमधले चाळीस-पन्नास प्रवासी आपापल्या मोटारीने निघाले तर? रस्ता तुंबेल आणि मोटारवालेही अडकतील! बसचा फायदा बसबाहेरच्यांनाही होतो.

म्हणून खरा प्रश्न "भाडं वाढावं की नाही?" एवढाच नाही. खर्चाचा किती वाटा प्रवाशाने उचलायचा आणि किती सगळ्या शहराने, हा तो प्रश्न आहे. आणि वाढ करायचीच, तर सगळ्यांत जास्त भार कोणावर पडतो, हे पाहायला नको का?

आज रात्री जेवताना घरात विचारा, "आपला महिन्याचा प्रवासखर्च किती?" आई-बाबांबरोबर बसून जुन्या आणि नव्या भाड्याचा तक्ता करा. घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारायला विसरू नका. त्यांचं उत्तर तक्त्यात सगळ्यांत वर लिहा!