कणा बदलला, ओळख टिकली

बदलापूर-अंबरनाथच्या एमआयडीसीत ज्यांनी रिअॅक्टरवर पाळ्या केल्या आहेत, त्यांच्या लेखी रसायनशास्त्र म्हणजे उष्णता, दाब आणि उत्प्रेरक. पण या शास्त्राची एक शाखा अगदी हळुवार कारभार करते. तिथे रेणू पाण्यात फिरता फिरता एकमेकांना ओळखतात, आपोआप जुळतात, तापवले की सुटतात आणि गार होताच पुन्हा जुळतात.

डीएनएचे दोन धागे असेच जुळतात. ‘ए’समोर ‘टी’, ‘जी’समोर ‘सी’, एवढाच नियम. एकेकटा हायड्रोजन बंध अशक्त. पण पंधरा-वीस अक्षरे ओळीने जुळली की पकड घट्ट होते. मग रोगाला कारण ठरणारा जनुकाचा निरोप असाच हेरून अडवता येईल का? साधा डीएनएचा तुकडा शरीरात सोडला, तर एन्झाइम त्याचा लगेच फडशा पाडतात.

1991 मध्ये कोपनहेगनच्या पीटर नील्सन आणि सहकाऱ्यांनी अक्षरे तीच ठेवली, त्यांना धरून ठेवणारा साखर-फॉस्फेटचा कणा मात्र काढला आणि प्रथिनांशी साधर्म्य असलेला, विद्युतभार नसलेला कणा बसवला. हा ‘पीएनए’. एन्झाइमना तो पचत नाही. डीएनए मात्र त्याला घट्ट धरतो. एक अक्षर जरी चुकले, तरी पकड लक्षणीय सैल होते.

त्याच्या खोडीही आहेत. कणा फार लवचीक, त्यामुळे तो डीएनएलाही चिकटतो आणि आरएनएलाही. पाण्यात नीट विरघळत नाही, पेशीत सहज शिरत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. के. एन. गणेश यांच्या गटाने वर्षानुवर्षे या खोडींवरच काम केले. त्यांची युक्ती मला फार आवडते: कण्यातच कार्बनचे कडे बसवायचे, म्हणजे त्याचे वळवळणे कमी होते. 2005 मध्ये गणेश, डॉ. वैजयंती कुमार आणि टी. गोविंदराजू यांनी सहा कार्बनांचे कडे असलेला पीएनए डीएनएपेक्षा आरएनएला कितीतरी अधिक पसंती देतो, हे दाखवले. निरोप आरएनएवर असतो. मूळ प्रतीला, म्हणजे डीएनएला, धक्का न लावता निरोपच अडवायचा, तर हा फरक मोलाचा.

गणेश 2006 मध्ये पुण्याच्या ‘आयसर’चे संचालक झाले. तिथे त्यांच्या गटाने कण्यात फ्लोरिन घातले, तेव्हा पीएनए पेशीत अधिक शिरू लागला.

रक्तातला जंतू नेमका कोणता, हे सांगणाऱ्या चाचण्यांत पीएनए वापरला गेला आहे. औषधाचा रस्ता लांबचा आहे, कारण चाचणीत जंतूची पेशी काचपट्टीवर हाताशी असते. शरीरात मात्र पेशीचे दार पीएनएला स्वतःच उघडावे लागते.